किनाऱ्यावरच्या शहराचे गोडे पाणी : २५ वर्षांचा आराखडा कसा करावा

पुण्यात उन्हाळा चढू लागला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उरले आहे, हा आकडा वर्तमानपत्रांत छापून येऊ लागतो आणि त्याच्या आधारे पाणीकपातीची चर्चा सुरू होते. आकडा सर्वांसमोर असतो, म्हणून त्यावर वाद घालता येतो आणि महापालिकेला जाबही विचारता येतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान शहरांपाशी असा एक आकडा नसतो, कारण तेथील पाणी विहिरींत, वहाळांत (ओढ्यांत), पुळणीच्या म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत आणि जांभ्याच्या पोटात विखुरलेले असते आणि ते किती उरले हे विहीर मचूळ लागेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून दीर्घकालीन आराखड्याचे पहिले काम म्हणजे असा आकडा तयार करणे, आणि दुसरे काम म्हणजे तो आकडा कोठवर घसरला असता कोणता पंप बंद होईल, हे आधीच ठरवून ठेवणे. बंधारे, टाक्या आणि नळयोजना यांचा क्रम त्यानंतर लागतो.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने कोकणातील नगरपंचायती आणि नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा समित्यांसाठी आहे; पण ते पुण्यातल्या वाचकांसाठीही आहे, कारण कोकणातल्या अनेक योजनांचे नकाशे पुण्यातल्या कचेऱ्यांत तयार होतात, आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून सुट्टीला जाणारी, तिथे दुसरे घर बांधणारी पुणेकर मंडळी त्या पाण्याच्या मागणीत मोठी भर घालतात.

पाऊस असूनही टंचाई का येते

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुणे शहराचा पाऊस त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतात, याचे कारण जमिनीत आहे. सड्यावरचा, म्हणजे उंच सपाट माळावरचा, जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी चटकन पिऊन टाकतो आणि तितक्याच चटकन उताराच्या पायथ्याशी सोडून देतो. त्याखालच्या बेसाल्टमध्ये साठवण बेताची असते. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर होळीच्या सुमारास तळ दाखवते, ती या वाहून जाण्यामुळे. म्हणून किनाऱ्यावरच्या आराखड्यात वर्षभराची सरासरी काढण्याला फारसा अर्थ नाही. ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांचा हिशेब हाच खरा हिशेब होय.

दुसरी गोष्ट समुद्राची. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या वाळूत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. डच अभियंता बडॉन घायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडलेला नियम असा आहे की, विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत पोहोचतो. हाच नियम उलटा वाचला की धोका समजतो : उपशामुळे पातळी अर्धा मीटर खाली गेली आणि तशीच राहिली, तर खाली दडलेले खारे पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकते. जांभ्याच्या आणि कातळाच्या भेगांत हे गणित इतके नेमके उतरत नाही, खारे पाणी एखाद्या भेगेतून अचानक एकाच विहिरीत शिरते आणि शेजारची विहीर गोडीच राहते. परंतु दिशा तीच असते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. बेटावर पडलेला पाऊस कातळात मुरतो आणि पोहऱ्याने बेताने उपसला जातो, तोवर समुद्र बाहेर राहतो. त्याच विहिरीवर मोठा पंप बसवला तर काय होईल, हे वरच्या नियमावरून कळते.

खाडीकडे विशेष लक्ष द्यावे. समुद्रकिनारा नकाशावर दूर दिसत असला तरी खाडी भरतीचे पाणी पुष्कळ आत आणते. वाशिष्ठीची भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येते. शहराच्या पाठीमागे खाडी असेल तर खारे पाणी दोन बाजूंनी येऊ शकते, आणि नुसती पुळणीकडची बाजू पाहून केलेला आराखडा अपुरा ठरतो.

मोजणीची घडी बसवणे

पुण्याहून गेलेला सल्लागार नोव्हेंबरमध्ये दोन दिवस फिरून, भरलेल्या विहिरी पाहून परत येतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी आहे. मोजणी मे महिन्यात व्हायला हवी, आणि ती शहरातल्याच माणसांनी करायला हवी.

आरंभी १५ ते २० विहिरी निवडाव्यात. त्या विखुरलेल्या नसाव्यात, तर ओळीत असाव्यात : एक ओळ पुळणीपासून आगरांतून सरळ सड्याच्या पायथ्यापर्यंत, दुसरी खाडीच्या काठापासून आत, आणि शहर लांबट असेल तर तिसरी. ओळीत मोजले म्हणजे खारेपणा कोठवर आला आणि गेल्या वर्षीपेक्षा किती सरकला, हे दिसते. पालिकेच्या पुरवठा-विहिरी आणि समुद्र यांच्यामध्ये येणारी निदान एक विहीर केवळ पहाऱ्यासाठी राखून ठेवावी आणि तिच्यावर पंप बसवू नये.

निवडलेल्या प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची समुद्रसपाटीपासून किती आहे, हे एकदा सर्वेक्षकाकडून मोजून घ्यावे आणि काठावर तांबड्या रंगाने खूण करून ठेवावी. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि ते राहिले की ‘पाणी साडेचार मीटरवर आहे’ या नोंदीला काहीच अर्थ उरत नाही. साडेचार मीटर म्हणजे समुद्राच्या वर की खाली, हेच तर जाणून घ्यायचे असते.

प्रत्यक्ष मोजताना पंप निदान काही तास बंद असला पाहिजे. पोलादी फितीच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला कोरडा खडू चोळावा, फीत तांबड्या खुणेपासून सोडावी, ती पाण्यात थोडी बुडाल्याची खात्री झाली की खुणेपाशी पूर्ण आकडा धरून थांबावे आणि मग वर ओढावी. खडूचा रंग जिथे गडद झालेला दिसतो तिथे पाणी लागले. वरच्या आकड्यातून तो आकडा वजा केला की खोली मिळते. त्यानंतर दोरीला बांधलेल्या, बूच ओढता येईल अशा बाटलीने एक नमुना पृष्ठभागाजवळून आणि एक तळाजवळून घ्यावा. किनाऱ्यालगतच्या विहिरीत वरचे पाणी गोडे आणि तळचे मचूळ असे पुष्कळदा आढळते, आणि तळच्या नमुन्यातला फरक हा पुढच्या संकटाची सर्वांत लवकर मिळणारी सूचना असतो. दोन्ही नमुन्यांची विद्युतवाहकता, जी क्षारांबरोबर वाढते, हातातल्या मीटरने जागेवरच पाहावी. क्लोराइडची तपासणी महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत करून घ्यावी.

वेळापत्रकाबद्दल थोडे सांगायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचे मुख्यालय पुण्यातच आहे, तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. राज्यासाठी ते ठीक आहे, पण एका शहरासाठी अपुरे आहे. शहराने दरमहा मोजावे आणि फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्याला मोजावे : एकदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते तेव्हा. पुळणीलगतच्या विहिरींतील पाणी भरतीबरोबर, काहीसे उशिराने, वर-खाली होते. म्हणून नोंदीत तारखेबरोबर तिथी, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहिली नाही तर दोन मोजण्यांची तुलना फसवी ठरते. किनाऱ्यावरच्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. नोंदवहीत तो रकाना तेवढा आखून द्यावा लागतो.

आकडे वाचावेत कसे? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १,००० मिलिग्रॅम अशी देते; विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. म्हणजे गोड्या पाण्यात अवघे २ टक्के समुद्राचे पाणी मिसळले तरी त्यात सुमारे ३८० मिलिग्रॅमची भर पडते आणि पहिली मर्यादा ओलांडली जाते. ५ टक्के मिसळले तर ते पाणी दुसऱ्या मर्यादेशी येऊन ठेपते. गोडे आणि निरुपयोगी यांच्यामधले अंतर इतके थोडे आहे. मात्र क्षार वाढले की दोष समुद्राचाच, असे धरून चालू नये. शोषखड्ड्यातून झिरपणाऱ्या सांडपाण्यानेही क्लोराइड वाढते, पण तेव्हा सोबत नायट्रेटही वाढलेले दिसते, ज्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. दोन्हींवरचा उपाय अगदी वेगळा असल्यामुळे नायट्रेटची तपासणी टाळू नये.

मागणीचा प्रामाणिक हिशेब

समजा, शहराची कायम वस्ती १२,००० आहे. दरडोई दररोज १३५ लिटर धरले तर रोज १६ लाख २० हजार लिटर पाणी घरांत पोहोचले पाहिजे. (१३५ लिटर हा निकष मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी आहे, ती नसलेल्या शहरासाठी ७० लिटरचा निकष आहे. तरीही २५ वर्षांचा विचार करताना मोठा आकडा धरणे शहाणपणाचे.) मेच्या सुट्टीत ३,००० पाहुणे मुक्कामाला असतील तर त्यांचे ४ लाख ५ हजार लिटर त्यात मिळवावेत, हॉटेलांत माणशी वापर घरापेक्षा जास्त असतो, म्हणून हा आकडा कमीच आहे. आणि वाटेत ३० टक्के गळती असेल, तर नुसत्या कायम वस्तीसाठी स्रोतातून रोज सुमारे २३ लाख लिटर उपसावे लागतात. जवळजवळ ७ लाख लिटर जमिनीत किंवा गटारात जातात, म्हणजे पाहुण्यांच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक. पर्यटकांना दोष देण्यापूर्वी प्रत्येक शहराने हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा. जलकुंभातून रात्री दोन ते चार या वेळात किती पाणी उतरते, हे मोजले की गळतीचा पहिला अंदाज एका रात्रीत मिळतो, कारण त्या वेळी नळ फारसे उघडे नसतात.

आता हाच हिशेब ऑक्टोबर ते मे या काळासाठी मांडू. १६ लाख २० हजार गुणिले २४३ म्हणजे सुमारे ३९ कोटी लिटर होतात. पुणेकरांच्या मापात सांगायचे तर हा एका टीएमसीचा सत्तरावा हिस्साही नाही. ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात इतके पाणी १३-१४ हेक्टरांवर पडते. अर्थात ते सगळे अडवता येत नाही, पण प्रश्नाचे खरे स्वरूप यातून स्पष्ट होते : पाणी अत्यल्प लागते, ते सात-आठ महिने जागच्या जागी धरून ठेवण्याची व्यवस्था तेवढी नाही. लांबच्या धरणातून नळ आणण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी हा आकडा सभेपुढे ठेवावा.

मागणीच्या यादीत खासगी बोअर आणि त्यावर भरणारे टँकर आलेच पाहिजेत. पालिकेच्या विहिरीचा उपसा काटेकोरपणे मोजायचा आणि तिच्याशेजारच्या पर्यटक निवासाच्या बोअरचा विचारच करायचा नाही, असे झाले तर आराखडा कागदावर राहतो. मालमत्ता कराच्या पावतीबरोबर एका पानाचा तक्ता द्यावा आणि विहीर किंवा बोअर, तिची खोली, पंपाची अश्वशक्ती व रोजचे चालू तास एवढेच विचारावे. पुण्यातून तिथे दुसरे घर घेणाऱ्यानेही विक्रेत्याला विचारण्याचा प्रश्न बदलावा. ‘पाणी आहे का’ याऐवजी ‘मे महिन्यात उधाणाच्या दिवशी या विहिरीचे क्लोराइड किती होते’ असे विचारावे.

पातळी घसरली की काय करायचे, हे ऑक्टोबरमध्ये ठरवावे

माझ्या मते संपूर्ण आराखड्याचा प्राण या भागात आहे. मे महिन्यात, नळाला दिवसाआड पाणी येत असताना आणि बाजारपेठ पाहुण्यांनी भरलेली असताना, कोणताही नगराध्यक्ष किंवा मुख्याधिकारी पंप बंद करण्याचा निर्णय मोकळेपणाने घेऊ शकत नाही. तो निर्णय पावसाळा संपताना, विहिरी भरलेल्या आणि डोकी शांत असताना, विशेष सभेत ठरावाने घेऊन ठेवावा.

ठरावात पायऱ्या असाव्यात. दोन वर्षांच्या स्वतःच्या नोंदी हाती येईपर्यंत सावधगिरीचे आकडे वापरता येतील. पहाऱ्याच्या विहिरीतील क्लोराइड लिटरला १५० मिलिग्रॅमवर गेले किंवा पातळी समुद्रसपाटीपासून ठरलेल्या उंचीखाली उतरली, की समुद्राकडच्या विहिरींच्या उपशाचे तास कमी करून तो भार आतल्या विहिरींवर टाकावा. क्लोराइड २५० वर गेले, की समुद्राकडचे पंप बंद व्हावेत आणि त्या पट्ट्यातून टँकर भरण्यास मनाई लागू व्हावी. ५०० वर गेले, तर पुरवठा पिण्या-स्वयंपाकापुरता करावा आणि बाकीच्या वापरासाठी मचूळ पाणी वेगळे द्यावे. प्रत्येक पायरीपुढे कार्यवाही करणाऱ्याचे पद लिहावे, आणि पहिल्या पायरीचा अधिकार थेट पाणीपुरवठा अभियंत्याला द्यावा, त्यासाठी पुन्हा सभा बोलावण्याची अट ठेवू नये. सर्वांत महत्त्वाचे कलम पंप पुन्हा सुरू करण्याविषयी आहे : एकदा बंद झालेला समुद्राकडचा पंप पावसाळ्यानंतरच्या मोजणीशिवाय सुरू होणार नाही, असे स्पष्ट लिहावे. खारे पाणी एका उन्हाळ्यात आत येते, पण त्याला बाहेर जायला अनेक पावसाळे लागतात. चेन्नईच्या उत्तरेकडील मिंजूर परिसरात अतिउपशामुळे समुद्राचे पाणी काही किलोमीटर आत शिरले, आणि दशके लोटली तरी तो पट्टा पूर्ववत झालेला नाही.

उपसा किती करावा याइतकेच तो कसा करावा हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या अश्वशक्तीचा पंप दोन तास चालवला की विहिरीखाली खारे पाणी शंकूसारखे वर खेचले जाते; तेवढेच पाणी लहान पंपाने दहा तासांत काढले तर हा धोका पुष्कळ कमी होतो. एका खोल विहिरीऐवजी पाच उथळ विहिरी आणि वाळूत आडव्या टाकलेल्या सच्छिद्र नळ्या अधिक टिकाऊ ठरतात. ॲम्स्टरडॅम शहर १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतील गोडे पाणी वापरत होते. उपसा वाढत गेला तसे खालचे खारे पाणी वर येऊ लागले, आणि १९५७ पासून ऱ्हाइन नदीचे पाणी आणून त्या टेकड्यांत मुरवावे लागले. आपल्याला तशी नदी उपलब्ध नाही, त्यामुळे तिथवर जाऊ नये हेच बरे.

पाणी धरून ठेवणे

पुनर्भरण म्हटले की सड्यावर चर खणण्याची कामे निघतात. त्यांचा उपयोग आहे, पण मर्यादित. जुलैत जांभ्यात मुरवलेले पाणी सप्टेंबरपर्यंत पायथ्याच्या झऱ्यांतून निघून गेलेले असते. पाऊस ओसरल्यानंतर, वहाळ अजून वाहत असताना अडवलेले पाणी खरे कामाचे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या ऑक्टोबरच्या आरंभी बसल्या पाहिजेत, डिसेंबरमध्ये निधी आल्यावर नव्हे. गोणपाटांत माती-वाळू भरून केलेले वनराई बंधारे आणि दगडमातीचे विजय बंधारे यांना खर्च थोडा आणि श्रमदान लागते, आणि ते शहराच्या वरच्या अंगाला एकामागे एक घातले तर पायथ्याच्या विहिरींना फेब्रुवारी-मार्चपर्यंत आधार मिळतो. फुटलेले खारबंधारे दुरुस्त करणे हेही पाणीपुरवठ्याचेच काम समजावे, कारण बांध फुटला की भरतीचे पाणी शेतात येते आणि तिथून विहिरीत उतरते. पुळणीच्या वाळूच्या टेकड्यांतच पावसाचे पाणी साठते, म्हणून तिथल्या वाळूउपशाला कोणत्याही सबबीखाली परवानगी देऊ नये.

छपराच्या पाण्याविषयी कोकणाने गांभीर्याने विचार करावा. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पावसातून, ८० टक्के हाती आले असे धरूनही, २ लाख ४० हजार लिटर मिळतात. चार माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी २० लिटर लागले तर २४३ दिवसांची गरज २० हजार लिटरच्या आतच भागते. झाकलेली, गाळणी बसवलेली, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय असलेली २० हजार लिटरची टाकी एवढ्या कामाला पुरते. नव्या बांधकामांना ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलनाची अट राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेच. किनाऱ्यावरच्या शहराने लहान भूखंडांनाही पाणीपट्टीत सूट देऊन टाकीकडे वळवावे. नियमापेक्षा सवलतीने हे काम लवकर होईल, असे मला वाटते.

जुने तलाव असतील तर ते प्रथम सांभाळावेत. मालवणला पाणी देणारा धामापूरचा तलाव १५३० चा मानला जातो आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत स्थान दिले. अशा तलावाचे आयुष्य त्याच्या भोवतीच्या डोंगरावरील झाडीवर अवलंबून असते. पाणलोटातली झाडी तुटली की गाळ येतो आणि साठवण घटते. रत्नागिरीचे शीळ धरण किंवा वेंगुर्ल्याचा निशाण तलाव यांच्याबाबतही पाणलोटाचा नकाशा शहराच्या विकास आराखड्यात उतरवून तिथल्या बांधकामावर मर्यादा घालणे हे २५ वर्षांच्या दृष्टीने नव्या टाकीपेक्षा मोलाचे काम आहे.

सांडपाण्याबद्दल एवढेच सांगतो की, शोषखड्डा आणि विहीर यांत १५ मीटर अंतर ठेवण्याचा प्रघात जांभ्यात पुरेसा नाही. जांभ्यातल्या पोकळ्यांतून मैलापाणी फारसे न गाळताच पुढे जाते. शक्य तितक्या लवकर बंद टाक्या, नियमित उपसा आणि प्रक्रिया यांची सोय करावी आणि प्रक्रिया झालेले पाणी नारळी-पोफळींना द्यावे.

कायदा, आणि पुण्यातल्या कचेऱ्यांकडून काय मिळवावे

२०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत, स्थानिक वस्तीचा स्वतःचा वापर सोडून, भूजल उपशाला मनाई केली. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात दुसरा स्रोत नसेल तेव्हाच, साध्या विहिरीतून आणि हाताने, पिणे, बागायत, शेती व मासेमारी यांसाठी उपसा करता येईल असे म्हटले. २०१९ च्या अधिसूचनेनंतर आपल्या शहराला कोणता मंजूर नकाशा लागू आहे हे पाहून ती भरतीरेषा पालिकेच्या नकाशावर आखून घ्यावी. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा शेती व उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी खोदण्यास मनाई करतो. हे नियम लागू करण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. बांधकाम परवान्याच्या अर्जावर पाण्याच्या स्रोताची खोली आणि भरतीरेषेपासूनचे अंतर हे दोन रकाने वाढवले तरी बरेच साधते.

पुण्यात येणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी एकाच फेरीत बरीच कामे उरकावीत. शिवाजीनगरच्या भूजल यंत्रणेकडून आपल्या तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागाव्यात. शिवाजीनगरलाच हवामान विभागाकडे जवळच्या केंद्राची दैनंदिन पावसाची मालिका मिळू शकते. नगर रचना संचालनालयाचे मुख्यालयही पुण्यात आहे. खाडीवर बंधारा किंवा भरती रोखणारे दरवाजे बांधण्याचा विचार असेल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शालेचा अभ्यास करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण भरती एका ठिकाणी अडवली की गाळ आणि पाणी दुसरीकडे कोठे जाईल, याचा अंदाज डोळ्यांनी बांधता येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरी पाणी अभियानात शहर जल संतुलन आराखडा तयार करायचा असतो; तो केवळ निधीसाठी भरायचा तक्ता न समजता वरच्या नोंदी त्यातच घालाव्यात.

वादळ आणि वाढता समुद्र

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत वीज बरेच दिवस बंद होती, आणि विजेबरोबर नळही बंद झाले. म्हणून प्रत्येक प्रभागात पोहऱ्याने किंवा हातपंपाने पाणी काढता येईल अशी एक तरी सार्वजनिक विहीर चालू स्थितीत ठेवावी आणि मुख्य पंपासाठी जनित्राची सोय असावी. उधाणाचे पाणी विहिरीत शिरले तर ती घाईने पूर्ण उपसून टाकण्याचा मोह आवरावा. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर असे दिसून आले की, वारंवार उपसल्याने खालचे खारे पाणी उलट वर येते. गाळ काढून, निर्जंतुकीकरण करून, थोडेसेच उपसून पावसाची वाट पाहावी.

१९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. वेग तेवढाच राहिला तरी २५ वर्षांत ९ सेंटिमीटर होतात, आणि वेग वाढतो आहे. म्हणून नव्या पुरवठा-विहिरी आजच्या सोयीच्या जागी न घेता एक-दोन ओळी आत, सड्याच्या पायथ्याकडे घ्याव्यात आणि तिथली जागा आत्ताच आरक्षित करावी. पुढे ती जागा उरणार नाही.

खर्च आणि जबाबदारी

बांधकामाला निधी मिळतो, मोजणीला मिळत नाही. म्हणून दोन प्रशिक्षित माणसांचे मानधन, प्रयोगशाळेचे शुल्क आणि मीटर-फितीचा खर्च हा अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, पाणीपट्टीच्या उत्पन्नातून दाखवावा. व्हॉल्वमन आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगोल किंवा रसायनशास्त्राचा शिक्षक ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण दर पाच वर्षांनी सभागृह बदलते, मुख्याधिकाऱ्याची बदली होते, पण ही दोन माणसे गावात राहतात. नोंदवहीची एक प्रत पालिकेत, एक महाविद्यालयात आणि एक जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात असावी. आराखड्याचा फेरआढावा दर पाच वर्षांनी, निवडणुकीच्या आधीच्या वर्षी घ्यावा.

सल्लागार नेमायचा असेल तर त्याच्या करारात दोन अटी घालाव्यात. विहिरींच्या काठांची उंची मोजून दिल्याखेरीज पहिला हप्ता देऊ नये. आणि शेवटचा हप्ता अहवालाच्या सादरीकरणानंतर लगेच न देता, दुसऱ्या मे महिन्यातील उधाणाची मोजणी त्याच्या उपस्थितीत झाल्यावर आणि ठरावातील पायऱ्यांचे आकडे त्या मोजणीनुसार दुरुस्त करून दिल्यावरच द्यावा.